पक्के घर, कच्चा सांधा : छताच्या दरीचे तंत्र आणि अर्थकारण

निवारा ही अन्न व वस्त्र यांच्या बरोबरीची मूलभूत गरज मानली जाते. स्वतंत्र भारताच्या नियोजनात तिला हळूहळू मध्यवर्ती स्थान मिळत गेले. घर पक्के की कच्चे हे ठरविताना मात्र शासकीय नोंदी प्रामुख्याने एकच प्रश्न विचारतात : भिंत आणि छप्पर कोणत्या सामग्रीचे आहे? हा प्रश्न आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. भाजलेले कौल, पत्रा किंवा काँक्रीट यांतून पाणी सहसा झिरपत नाही. पाणी शिरते ते एका सामग्रीची दुसऱ्या सामग्रीशी किंवा छताच्या एका उताराची दुसऱ्या उताराशी जेथे गाठ पडते तेथे. छताच्या दोन उतारांमधील आतला सांधा, म्हणजेच छताची ‘दरी’, हे या दुर्बलतेचे सर्वांत ठळक उदाहरण होय. या सांध्याचे तंत्र समजून घेतल्यास ग्रामीण गृहनिर्माण धोरणातील एक उपेक्षित प्रश्न स्पष्ट होतो.

बदलते छप्पर : जनगणनेचा दाखला

२००१ आणि २०११ या दोन जनगणनांमधील घरांच्या नोंदींची तुलना उद्बोधक आहे. २००१ मध्ये देशातील सुमारे ३३ टक्के कुटुंबांच्या घरांवर कौलांचे छप्पर होते. २०११ मध्ये हे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांवर आले. गवत, बांबू, लाकूड, माती यांच्या छपरांचे प्रमाण सुमारे २२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांपर्यंत घटले. याउलट काँक्रीटचे छप्पर असलेल्या घरांचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले. पत्र्यांच्या छपरांचाही वाटा वाढला. दहा वर्षांत इतका बदल होणे हे वाढत्या उत्पन्नाचे, रस्त्यांमुळे सिमेंट व पत्रा गावोगावी पोहोचल्याचे आणि शासकीय साहाय्याचे एकत्रित फलित मानता येईल.

२०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेत कौलांचेही दोन वर्ग पाडण्यात आले. हाताने घडविलेल्या देशी कौलांचे छप्पर ‘कच्चे’, तर यंत्रावर बनविलेल्या कौलांचे छप्पर ‘पक्के’ गणले गेले. या वर्गीकरणामागे तर्क आहे. यंत्रावर दाबलेली मंगलोरी कौले एकसारख्या आकाराची असतात, त्यांना एकमेकांत अडकणाऱ्या खाचा असतात आणि भारतीय मानक ब्युरोने आयएस ६५४ या मानकात त्यांचे परिमाण व गुणवत्ता निश्चित केली आहे. तथापि कौल यंत्राचे असो वा हाताचे, छताच्या दरीत ते तिरकस तोडावेच लागते. तोडलेल्या कौलाची खाच नाहीशी होते आणि त्याबरोबर त्या जागेपुरता ‘पक्के’पणाही संपतो. नोंदीत घर पक्के राहते, पावसात मात्र ते कच्चे ठरते.

जबलपूरचा परिसर

हा प्रश्न प्रत्यक्ष परिस्थितीत पाहण्यासाठी जबलपूरचा परिसर उपयुक्त आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असलेला हा प्रदेश १८१७ च्या इंग्रज-मराठा संघर्षानंतर ब्रिटिशांकडे गेला. पुढे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि विदर्भातील जिल्हे एकाच प्रांताचे भाग होते. छपरांची परंपराही बरीचशी समान राहिली. कोकणात ज्याला कौल म्हणतात त्याला विदर्भात कवेलू म्हणतात, तर जबलपूरच्या हिंदी बोलीत तोच खपरा होतो. जबलपूरला भाजक्या मातीच्या उद्योगाचीही जुनी पार्श्वभूमी आहे. ब्रिटिश काळात बर्न आणि कंपनी व परफेक्ट पॉटरी यांचे कारखाने येथे चालत.

जबलपूरला वर्षाकाठी सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. त्यामुळे छताची परीक्षा वर्षभर होत नाही. ती थोड्या दिवसांत आणि कठोरपणे होते. शहरालगतच्या महाराजपूरसारख्या वस्तीचा विचार केला, तर खेड्याचे उपनगरात रूपांतर होताना घरे एका दमात बांधली जात नाहीत, ती वाढत जातात, हे लक्षात घ्यावे लागते. आरंभी दोन उतारांचे साधे, आयताकृती घर असते. कुटुंब वाढले, मुलाचे लग्न झाले किंवा भाडेकरू ठेवण्याची सोय करावयाची झाली, की मूळ घराला काटकोनात एक खोली जोडली जाते. घराचा आराखडा आयताकृती न राहता गुण्यासारखा, म्हणजे काटकोनी होतो आणि पूर्वी नसलेली दरी छतावर निर्माण होते.

दरी म्हणजे काय

उतरत्या छताच्या प्रत्येक पृष्ठाला पाखे म्हणतात. दोन पाखी वरच्या बाजूस जेथे मिळतात ते आढे. आढ्यापासून पाणी दोन्हीकडे दूर जाते, म्हणून तेथे गळतीचा धोका कमी असतो. पाखे जेथे संपते ती वळचण. दरीची रचना आढ्याच्या नेमकी उलट असते. येथे दोन पाखी आतल्या बाजूस मिळतात आणि दोन्हींचे पाणी एकाच रेषेवर एकत्र येते. या रेषेखाली तिरकस वासा असतो आणि पाणी वाहून नेण्यासाठी रेषेवर पन्हळ बसविली जाते.

एका साध्या गणिताने या रेषेवरील भार स्पष्ट होतो. उदाहरणादाखल, मूळ घर १२ मीटर लांब व ६ मीटर रुंद आहे आणि त्याच्या एका टोकाला ६ मीटर रुंदीची जोडखोली ४ मीटर पुढे काढली आहे, असे मानू. दोन्ही छतांचा उतार सारखा ३० अंशांचा आहे आणि वळचणीचा पुढे आलेला भाग हिशेबात धरलेला नाही. प्रत्येक पाख्याची आडवी रुंदी ३ मीटर असल्याने साध्या वळचणीच्या एक मीटर लांबीवर ३ चौरस मीटर छताचे पाणी येते. तासाभरात ६० मिलिमीटर पाऊस पडल्यास हे पाणी १८० लिटर भरते. दरीत मात्र दोन्ही पाख्यांचे साडेचार-साडेचार, असे एकूण ९ चौरस मीटर छताचे पाणी येते. म्हणजे तासाला ५४० लिटर. हे सर्व पाणी सुमारे २५ सेंटिमीटर रुंदीच्या पन्हळीतून बाहेर पडते. तितक्याच रुंदीच्या वळचणीवरून केवळ ४५ लिटर पाणी जाते. याचा अर्थ दरीच्या तोंडाशी पाण्याचा भार साध्या वळचणीच्या बारापट असतो.

दुसरी अडचण उताराची. दरीची रेषा तिरकस जात असल्याने तिची लांबी पाख्याच्या लांबीपेक्षा अधिक असते, पण उंचीतील फरक तेवढाच राहतो. परिणामी दोन्ही पाख्यांचा उतार ३० अंशांचा असताना दरीचा उतार केवळ २२ अंशांच्या आसपास भरतो. पाणी सर्वाधिक जेथे असते, तेथेच उतार सर्वांत कमी असतो. पालापाचोळा, तुटलेल्या कौलांचे तुकडे आणि माती नेमकी येथे साचते. पाणी तुंबते आणि कौलाच्या तोडलेल्या कडेखालून आत शिरते.

शिंगलच्या छतावरील तीन पद्धती

दरी जलरोधक करण्याचे शास्त्र ज्या छतांवर विशेष पद्धतशीरपणे विकसित झाले, ती म्हणजे शिंगलची छते. शिंगल म्हणजे एकमेकांवर अंशतः चढविलेल्या पातळ, सपाट तुकड्यांचे आच्छादन. हिमालयात देवदाराच्या फळ्यांची आणि स्लेट दगडाच्या पातळ पाट्यांची छते याच तत्त्वावर उभी आहेत. डांबरमिश्रित शिंगल अमेरिकेत मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे १९०३ च्या सुमारास प्रचारात आली आणि पुढे तेथील घरांवरील प्रमुख आच्छादन बनली. भारतात ती थंड हवेच्या ठिकाणचे बंगले व विश्रामगृहे यांवर दिसते. या छतांच्या दरीसाठी तीन पद्धती रूढ आहेत. तिन्हींमध्ये प्रथम दरीच्या मध्यरेषेवर सुमारे ९० सेंटिमीटर रुंदीचा जलरोधक पट्टा अंथरला जातो आणि सर्व काम खालून वर, म्हणजे वळचणीकडून आढ्याकडे केले जाते. कारण वरच्या थराने खालच्या थरावर चढलेच पाहिजे.

पहिली पद्धत उघड्या दरीची. मध्यरेषेवर सुमारे ६० सेंटिमीटर रुंदीचा धातूचा पत्रा बसवितात. दोन्ही बाजूंच्या शिंगल पत्र्यावर येऊन थांबतात आणि मधली पट्टी उघडी राहते. ही पट्टी वर सुमारे १५ सेंटिमीटर रुंद ठेवून खाली येताना दर मीटरमागे सुमारे १ सेंटिमीटरने वाढवितात, कारण खाली येताना पाणीही वाढत जाते. पाणी गुळगुळीत धातूवरून वेगाने वाहते आणि कचरा अडकत नाही.

दुसरी पद्धत कापलेल्या बंद दरीची. ज्या पाख्याचा उतार कमी किंवा क्षेत्र लहान असेल, त्याच्या शिंगल प्रथम मध्यरेषा ओलांडून पलीकडे किमान ३० सेंटिमीटर नेतात. नंतर दुसऱ्या पाख्याच्या शिंगल त्यांवर चढवून मध्यरेषेच्या ५ सेंटिमीटर अलीकडे सरळ कापतात. कापलेल्या प्रत्येक तुकड्याचा वरचा कोपरा छाटतात, अन्यथा तो टोकदार कोपरा पाण्याला आडवे वळण देतो. पत्रा वाचतो, पण कापणीतील अचूकतेवर सर्व काही अवलंबून राहते.

तिसरी पद्धत विणलेल्या दरीची. एक थर डावीकडून, पुढचा थर उजवीकडून असे आळीपाळीने नेत चटईप्रमाणे विणकाम केले जाते. लवचीक शिंगलखेरीज ही पद्धत शक्य नाही. ती वेळखाऊ असून दोन्ही पाख्यांचे काम एकाच वेळी चालवावे लागते.

तिन्ही पद्धतींचा समान नियम महत्त्वाचा आहे : मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंस १५ सेंटिमीटरच्या आत एकही खिळा मारावयाचा नाही. दरीतील प्रत्येक खिळा हे पाण्यासाठी ठेवलेले एक छिद्रच असते.

कौलारू छताला काय लागू पडते

शिंगलला खाली सलग फळ्यांची बैठक लागते. कौले मात्र वाशांवर ठोकलेल्या रिपांवर बसतात. कौल वळत नाही आणि विणताही येत नाही. म्हणून तीन पद्धतींपैकी कौलारू छताला पहिली, उघड्या दरीची पद्धतच लागू पडते. दरीच्या तिरकस वाशाच्या दोन्ही बाजूंस प्रथम फळ्या ठोकून बैठक तयार करावी. तीवर जलरोधक थर अंथरून जस्तलेपित पत्र्याची पन्हळ बसवावी. पत्र्याच्या दोन्ही कडा वर दुमडाव्यात, म्हणजे उसळलेले पाणी बाजूला जाणार नाही. पत्र्याचे तुकडे जोडावयाचे झाल्यास वरचा तुकडा खालच्यावर किमान १५ सेंटिमीटर चढवावा. पन्हळीचे खालचे टोक भिंतीपासून पुरेसे बाहेर काढावे. तिरकस तोडलेली कौले पत्र्यावर दोन्ही बाजूंनी सुमारे १० सेंटिमीटर पुढे यावीत आणि ती घसरू नयेत म्हणून तारेने रिपेला बांधावीत.

व्यवहारात बहुतेक वेळा असे होत नाही. दरी सिमेंटच्या गिलाव्याने भरून टाकली जाते. पहिल्या पावसाळ्यात ती भक्कम दिसते. परंतु लाकूड ओलाव्याने फुगते व उन्हाने आकसते. भाजलेली माती आणि सिमेंट यांचे प्रसरण वेगवेगळे असते. सामान्यतः एक-दोन उन्हाळ्यांत गिलाव्याला बारीक भेगा पडतात. मग पाणी भेगेतून आत जाते, पण गिलाव्यामुळे बाहेर येऊ शकत नाही. फळ्या व वासे कुजतात, वाळवी लागते आणि गळती ज्या ठिकाणी दिसते त्यापेक्षा बरीच वर तिचे मूळ असते. ज्या उपायाने सांधा बंद झाल्यासारखा वाटतो, त्याच उपायाने त्याची हानी वाढते.

सांध्याचे अर्थशास्त्र

वरील उदाहरणातील घराच्या छताचे एकूण पृष्ठक्षेत्र सुमारे १११ चौरस मीटर भरते. दरीची लांबी सुमारे ४.६ मीटर आहे. तिला ६० सेंटिमीटर रुंदीचा पत्रा लावल्यास पावणेतीन चौरस मीटर पत्रा पुरतो. म्हणजे छताच्या क्षेत्राच्या जेमतेम अडीच टक्के. इतक्या अल्प सामग्रीसाठी संपूर्ण छताची उपयुक्तता पणाला का लागते, याचे उत्तर अर्थशास्त्रात तीन प्रकारे मिळते.

पहिले उत्तर दुर्बल दुव्याचे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर काही क्षणांतच नष्ट झाले आणि सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला. अग्निबाणाच्या सांध्यातील ‘ओ-रिंग’ नावाचे रबरी कडे थंडीत निकामी झाले, हे त्याचे कारण होते. या घटनेवरून नाव घेऊन मायकेल क्रेमर यांनी १९९३ मध्ये उत्पादनाचा ‘ओ-रिंग सिद्धांत’ मांडला. क्रेमर यांना २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अनेक टप्प्यांच्या कामात टप्प्यांच्या गुणवत्तेची बेरीज होत नाही, गुणाकार होतो, असे हा सिद्धांत सांगतो. दहा टप्प्यांपैकी प्रत्येक टप्पा बिनचूक होण्याची शक्यता ९५ टक्के असेल, तर सर्व काम बिनचूक होण्याची शक्यता सुमारे ६० टक्के राहते. त्यांतील एकाच टप्प्याची शक्यता ५० टक्क्यांवर आली, तर एकूण शक्यता सुमारे ३२ टक्क्यांवर घसरते. उत्तम कौले आणि निकृष्ट दरी यांचा मेळ असाच असतो.

दुसरे उत्तर विषम माहितीचे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले, की खरेदीदाराला गुणवत्ता पारखता येत नसेल तर बाजारात चांगला माल टिकत नाही. कौले भाजलेली आहेत की नाहीत हे घरमालकाला आवाजावरून कळते. कौलांखाली पत्रा किती रुंद आहे व खिळे कोठे मारले आहेत हे काम झाल्यावर दिसत नाही. चुकीचे परिणाम बहुधा कारागीर गेल्यानंतरच्या पावसाळ्यात प्रकट होतात. अशा बाजारात सांध्यावर अधिक वेळ देणाऱ्या कारागिराला अधिक मजुरी मिळत नाही आणि कौशल्य हळूहळू लोप पावते.

तिसरे उत्तर भांडवली व आवर्ती खर्चातील असमतोलाचे. कौलारू घराची शाकारणी, विदर्भात ज्याला कवेलू फेरणे म्हणतात ते काम, दर उन्हाळ्याच्या अखेरीस करावे लागते. फुटकी कौले बदलणे, सरकलेली बसविणे व पन्हळ साफ करणे ही त्यातील मुख्य कामे. मजुरी वाढली, जाणते हात कमी झाले आणि माकडांचा उपद्रव वाढला, तेव्हा अनेक कुटुंबांनी कौले उतरवून पत्रे घातले. हा निर्णय आर्थिकदृष्ट्या समजण्यासारखा आहे. कौले तुलनेने स्वस्त असली तरी दरवर्षी श्रम मागतात. पत्रा एकदाच खर्च मागतो. परंतु दोन पत्र्यांची छते काटकोनात मिळाली की दरी पुन्हा येतेच. जुन्या व नव्या काँक्रीट छतांमधील फटही त्याच प्रकारचा सांधा होय. सामग्री बदलली म्हणून प्रश्न सुटत नाही. तो केवळ स्थान बदलतो.

गृहनिर्माण योजना आणि तीस वर्षांची अपेक्षा

ग्रामीण गृहनिर्माणात इंदिरा आवास योजना १९८५ मध्ये ग्रामीण रोजगार कार्यक्रमाचा भाग म्हणून सुरू झाली आणि १ जानेवारी १९९६ पासून स्वतंत्र योजना बनली. तिची पुनर्रचना होऊन १ एप्रिल २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) लागू झाली. तिचा औपचारिक प्रारंभ २० नोव्हेंबर २०१६ रोजी आग्रा येथे झाला. घराचे किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर करण्यात आले आणि त्यात स्वयंपाकाच्या स्वच्छ जागेचा समावेश झाला. मैदानी भागात १ लाख २० हजार, तर डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपयांचे साहाय्य निश्चित झाले. मार्च २०२४ पर्यंत २ कोटी ९५ लाख घरांचे लक्ष्य होते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४-२५ ते २०२८-२९ या काळासाठी आणखी २ कोटी घरांना मान्यता दिली.

या योजनेच्या अंमलबजावणी आराखड्यातील पक्क्या घराची व्याख्या विशेष लक्षणीय आहे. नेहमीचा वापर आणि हवामानासह नैसर्गिक शक्ती यांना तोंड देत, वाजवी देखभालीसह किमान ३० वर्षे टिकू शकेल ते घर पक्के, असा तिचा आशय आहे. म्हणजे धोरणाने सामग्रीपलीकडे जाऊन टिकाऊपणाची कसोटी स्वीकारली आहे. हप्ते देताना मात्र पाया, जोते, लिंटल, छत अशा टप्प्यांची भूस्थान-अंकित छायाचित्रे पाहिली जातात. छत पडले की नाही हे छायाचित्रात दिसते. सांधा जलरोधक आहे की नाही हे दिसत नाही. शिवाय २५ चौरस मीटरचे घर हे बहुतेक कुटुंबांच्या बाबतीत अंतिम घर नसते. पुढील वाढ कुटुंब स्वखर्चाने करते आणि दरी बहुधा त्याच वेळी, कोणत्याही तांत्रिक मार्गदर्शनाविना, तयार होते.

कौशल्याच्या बाबतीतही अशीच पोकळी आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय समाविष्ट आहेत. त्यांत सुतार, कुंभार आणि राजमिस्त्री हे तिन्ही आहेत. छताच्या दरीत नेमके या तिघांचे काम एकत्र येते : वासा सुताराचा, कौल कुंभाराचे आणि गिलावा गवंड्याचा. परंतु छत घालणारा हा स्वतंत्र व्यवसाय यादीत नाही. तीन कौशल्यांच्या सीमारेषेवरील कामाची जबाबदारी कोणा एकाकडे राहत नाही.

भूकंपाचा धडा

जबलपूरच्या संदर्भात आतल्या कोपऱ्याचा प्रश्न केवळ गळतीपुरता मर्यादित नाही. २२ मे १९९७ च्या मध्यरात्रीनंतर जबलपूर परिसराला सुमारे ६ प्रतेच्या भूकंपाचा धक्का बसला. त्यात सुमारे ४० व्यक्तींचा मृत्यू झाला आणि माती, दगड व विटांच्या विनाप्रबलित भिंतींच्या घरांचे मोठे नुकसान झाले. काटकोनी आराखड्याच्या इमारतीचे दोन भाग भूकंपात वेगवेगळ्या रीतीने हलतात आणि त्यांच्यातील ताण आतल्या कोपऱ्यात एकवटतो. भूकंपरोधक रचनेच्या आयएस १८९३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत असा कोपरा आराखड्यातील अनियमितता मानला आहे.

योगायोग असा, की याच कोपऱ्यावर छताची दरी रिकामी होते. वर्षानुवर्षांच्या गळतीने जेथील लाकूड कुजले आहे व मातीची भिंत भिजून दुर्बल झाली आहे, तेथेच भूकंपाचा ताण सर्वाधिक येतो. आज दुर्लक्षित राहिलेली देखभाल ही उद्याची जोखीम असते, हे सूत्र येथे शब्दशः खरे ठरते.

काय करता येईल

सर्वांत स्वस्त दरी ती, जी निर्माणच केली जात नाही. महाराष्ट्रातील जुन्या घरांत पडवी किंवा ओसरी मूळ पाख्याचाच उतार पुढे वाढवून काढलेली दिसते. घर लांबवायचे झाल्यास आढे त्याच रेषेत पुढे नेले जाते. या दोन्ही रीतींत नवे क्षेत्र मिळते, पण आतला सांधा तयार होत नाही आणि कौल तिरकस तोडावे लागत नाही. घरकुलाचा नमुना आराखडा देतानाच भविष्यातील खोली कोणत्या दिशेने वाढवावी हे त्यावर दर्शविल्यास शासनाला जवळजवळ कोणताही खर्च येणार नाही. गावठाणातील अरुंद भूखंडांवर हे नेहमी शक्य नसते, हे मान्य करूनही दिशा स्पष्ट आहे.

जेथे दरी टाळता येत नाही तेथे तीन गोष्टी आवश्यक ठरतात. एक, ग्रामीण गवंडी प्रशिक्षणात छताच्या सांध्यांचा स्वतंत्र प्रात्यक्षिक घटक असावा आणि त्यात सुतारालाही सहभागी करून घ्यावे. दोन, तपासणी सांधा झाकण्यापूर्वी व्हावी. पन्हळ बसविल्यानंतर आणि कौले चढविण्यापूर्वी घेतलेले एक छायाचित्र विषम माहितीचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवू शकते. तीन, घर ताब्यात घेताना कुटुंबाला देखभालीची एक पानी सूचना मिळावी. पावसाळ्यापूर्वी पन्हळ साफ करणे, कडांवरील कौले तपासणे आणि भेगांवर गिलाव्याचे थर न चढविणे इतका तिचा मजकूर पुरेसा आहे.

या सूचनांना मर्यादाही आहेत. प्रत्येक तपासणीला मनुष्यबळ लागते आणि प्रत्येक अटीमुळे हप्ता लांबण्याची शक्यता निर्माण होते. लाभार्थ्याच्या दृष्टीने पावसाळ्यापूर्वी न मिळालेला हप्ता हा गळक्या सांध्याइतकाच घातक असतो. म्हणून तपासणी ही हप्ता रोखण्याची अट न ठेवता कामातील चूक वेळीच दुरुस्त करण्याची संधी म्हणून राबविणे अधिक हितावह ठरेल.

विकासाचे मोजमाप करताना किती घरे बांधली गेली हा आकडा अपरिहार्य आहे. परंतु घराची उपयुक्तता ते पूर्ण झाल्याच्या दिवशी संपत नाही. ती त्या दिवशी सुरू होते. तीस वर्षांच्या आयुष्याची अपेक्षा ठेवणाऱ्या घराला तीस पावसाळे सोसावे लागतात आणि प्रत्येक पावसाळा त्याच्या सर्वांत दुर्बल सांध्याची परीक्षा घेतो. छताच्या अडीच टक्के क्षेत्रावर दिलेले लक्ष उरलेल्या साडेसत्त्याण्णव टक्के गुंतवणुकीचे रक्षण करते. सार्वजनिक गुंतवणुकीच्या परिणामकारकतेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रमाण ध्यानात ठेवावे असेच आहे.